खांदेरीजवळचा एक प्रहर

कोकणच्या माणसाला समुद्र नवा नाही. तथापि समुद्र पाहणे निराळे आणि समुद्राच्या पाठीवर असणे निराळे, हे आम्हास वयाची साठी उलटल्यावर कळले. खाडीकाठच्या एका शाळेत आम्ही तीसएक वर्षे संस्कृत शिकविले. वर्गातील रिकाम्या बाकांवरून मासळीचा हंगाम ओळखावा, इतका आमचा दर्याशी परिचय होता. रेवसहून भाऊच्या धक्क्यास लाँचने जाणेही पुष्कळ वेळा झाले होते. परंतु शिडाच्या नावेत पाऊल टाकण्याचा योग आला तो गेल्या माघात. आणि त्या एका दिवसाने आम्हास जे शिकविले, ते वाचकांच्या कानांवर घालावे असे वाटल्यावरून हा लेखनप्रपंच.

निमित्त झाले एका जुन्या विद्यार्थ्याचे. हा मुलगा वर्गात शेवटच्या बाकावर बसे. शब्द चालविताना त्याच्या षष्ठी-सप्तमीची नेहमी गल्लत होई, आणि ‘याच्या हातून विद्या व्हावयाची नाही’ असे आम्ही एकदा त्याच्या वडिलांस तोंडावर बोलून गेलो होतो. पुढे तो मुलगा व्यापारी जहाजांच्या इंजिनखात्यात लागला, वीस-बावीस वर्षे देशोदेशीची पाणी पाहून गावी परतला आणि साठविलेल्या पैशांतून त्याने एक जुनी शिडाची नाव विकत घेतली. तीसएक फूट लांबीची, एका डोलकाठीची, दोन शिडांची. आणि पोटात लहानसे डिझेल इंजिन. पेणेस आमच्या घरी येऊन तो म्हणाला, “गुरुजी, एक दिवस मांडव्याहून रेवदंड्यापर्यंत चला. काकूंनाही आणा.” आमची मंडळी एका शब्दात तयार झाली, आणि आठवीतील नातीने तर बैठक मोडण्याच्या आधीच पिशवी भरली.

नाव स्वस्तात मिळाली होती, आणि त्याचे कारण त्याने आडपडदा न ठेवता सांगितले. इंजिनाचे पॅनेल, म्हणजे ज्या फळीवर किल्ली, दिवे व काटे असतात ती, मधूनच मरे. किल्ली फिरवावी तर कधी सारे दिवे लखलखीत लागावेत, कधी एकही लागू नये. आधीच्या मालकाने एका कारागिराच्या सांगण्यावरून किल्लीचा स्विच बदलला. दुसऱ्याच्या सांगण्यावरून बॅटरी नवी घेतली. तिसऱ्याने सगळे पॅनेलच बदला म्हणून सांगितले, तेव्हा त्याने हात टेकले आणि नावेला काही बाधा आहे असे म्हणून ती विकून टाकली. “मी धक्क्यावर दोनदा शोध केला,” विद्यार्थी म्हणाला, “पण शोधायला बसले की दोष पळून जातो. घरची माणसे आता नावेत बसायला भितात. या हंगामात सापडला नाही, तर मलाही विकावीच लागेल.” हे बोलताना त्याचा आवाज किंचित पडला होता.

मांडवा हे आता पूर्वीचे निवांत बंदर राहिलेले नाही. गेटवेकडून येणाऱ्या लाँची व कॅटामरान, आणि मार्च २०२० पासून मोटारी पोटात घेऊन भाऊच्या धक्क्याहून येणारी रो-रो बोट, यांमुळे तेथे पहाटेपासून वर्दळ असते. आम्ही मात्र सूर्योदयाबरोबर निघालो. नावेवर विद्यार्थी, त्याचा एक तरुण खलाशी आणि आम्ही तिघे. किल्ली फिरवताच तीन तांबडे दिवे लागले आणि एक भोंगा कर्कशपणे वाजू लागला. आम्ही दचकलो. विद्यार्थी हसून म्हणाला, “हा वाजला म्हणजे ठीक आहे, गुरुजी. इंजिन फिरत नाही म्हणून तेलाला दाब नाही, अशी तो वर्दी देतो. किल्ली फिरवल्यावर हा गप्प राहिला, तर काळजी करायची.” बटण दाबले, इंजिन सुरू झाले, दिवे विझले, भोंगा थांबला. अर्ध्या-पाऊण तासाने बंदरातली गर्दी मागे पडल्यावर इंजिन बंद करून शिडे उभारली. इंजिनाचा घरघराट थांबल्याबरोबर जी शांतता पसरली, तिचे वर्णन आमच्याने होणार नाही. नाळेखाली पाणी चुबुकचुबुक करीत होते आणि जमिनीवरून येणारा मतलई वारा शीड भरून नावेला दक्षिणेकडे नेत होता.

दोनएक तासांत खांदेरी व उंदेरी ही जोडबेटे समोर आली. १६७९ साली शिवछत्रपतींनी खांदेरीवर तट बांधावयास घेतला. मुंबईच्या तोंडाशी मराठ्यांचा किल्ला उभा राहतो हे पाहून इंग्रज व जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांनीही तो रोखण्याची शिकस्त केली. त्या वर्षी १८ ऑक्टोबरला झालेल्या झुंजीत ‘डव्ह’ नावाचे इंग्रजांचे गलबत मराठ्यांच्या हाती लागले. इंग्रजांची जहाजे मोठी व तोफा भारी. परंतु वारा पडला की ती जागच्या जागी खिळत. मराठ्यांच्या लहान होड्या वल्ह्यांवर चालत, आणि रात्री अंधारात किनाऱ्याहून बेटावर सामान पोचवीत. किल्ला बांधून झाला तो झालाच. पुढे सिद्दीने शेजारची उंदेरी धरली आणि दोन्ही बेटे समोरासमोर उभी ठाकली. १८६७ साली उभारलेला दीपस्तंभ खांदेरीवर आजही आहे. आणि जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाच्या यादीत मराठ्यांचे जे बारा किल्ले घेतले, त्यांत खांदेरीही आहे. नातीला हे सांगत असताना आम्हास कल्पना नव्हती की वारा पडणे म्हणजे काय, याचा धडा आम्हासच घटकाभरात मिळावयाचा आहे.

कोकणकिनाऱ्यावर या दिवसांत सकाळी जमिनीवरून मतलई वाहतो आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा उठतो. या दोहोंच्या सांध्यात एक वेळ अशी येते की कोणताच वारा नसतो. दहाच्या सुमारास तसेच झाले. शीड ओल्या धोतरासारखे लोंबू लागले. नाव थांबली असे आम्हास वाटले, परंतु विद्यार्थ्याने उंदेरीचा एक बुरूज आणि मागच्या डोंगराचे एक टोक यांवर नजर रोखून पाहिले व म्हणाला, “पाण्याचा ओघ आपल्याला खडकांकडे नेतोय. इंजिन लावतो.” त्याने किल्ली फिरविली. तीन दिवे विझत्या समईसारखे मिणमिणले, भोंग्याने कण्हल्यासारखा आवाज केला. बटण दाबताच तेही संपले. खालून ‘टक’ असा एक ध्वनी आला आणि मग काहीच नाही. पुन्हा किल्ली, पुन्हा काळोख.

खरे सांगावयाचे तर आमच्या पोटात गोळा उभा राहिला. खडकांवर फुटणाऱ्या पाण्याची पांढरी रेघ स्पष्ट दिसत होती. खलाशाने पॅनेलवर दोन चापट्या मारल्या. परंतु विद्यार्थ्याने प्रथम पॅनेलकडे पाहिलेच नाही. तो म्हणाला, “आधी नांगर.” पाच-सहा वाव पाण्यात नांगर सोडला, दोर भरपूर दिला, नाव ताणून उभी राहिली, मग त्याने पुन्हा बुरूज व डोंगर यांची ओळ लावून नांगर सरकत नाही याची खात्री केली. तोवर पाच मिनिटे गेली. नंतर तो आमच्याकडे वळला, आणि आश्चर्य असे की त्याचा चेहरा खुलला होता. “गुरुजी, आज तो हजर आहे! आजच पकडला पाहिजे.”

येथे वाचकांस थोडी माहिती देणे अवश्य आहे. डिझेलचे इंजिन पेट्रोलच्या इंजिनाप्रमाणे ठिणगीवर चालत नाही. रुडॉल्फ डिझेल या जर्मन यंत्रज्ञाने १८९७ साली जे इंजिन यशस्वी करून दाखविले, त्याचे मर्म हे की हवा अतिशय दाबली असता ती इतकी तापते की तीत सोडलेले तेल आपोआप पेटते. म्हणून असे इंजिन एकदा सुरू झाले की त्यास विजेची गरज नाही. या नावेवर विजेची कामे दोनच: इंजिनास उठविणे आणि त्याची वार्ता सांगणे. उठविण्याचे काम सेल्फ करतो. पॅनेलमधील बटण सेल्फला केवळ निरोप धाडते. खरी ताकद जाड वायरीतून बॅटरीकडून थेट येते. म्हणजे मार्ग असा: बॅटरी, मुख्य स्विच, सेल्फचे टोक, तेथून फ्यूजमधून वायरींच्या जुडग्यात, मध्ये एक प्लग, पुढे पॅनेलची किल्ली व बटण, आणि त्याच प्लगातून परत सेल्फकडे निरोप. परतीची वाट इंजिनाच्या लोखंडी अंगातून बॅटरीच्या ऋण टोकाकडे. या वाटेवर कोठेही खंड पडला तरी बाहेरून दिसणारे लक्षण एकच, दिवे गेले. लक्षण एक आणि कारणे दहा. येथेच वैद्य व वैदू यांतला फरक कळतो.

“अंगठी काढून खिशात ठेवा, गुरुजी, आणि काकू, बांगड्यांचे हात इकडे नकोत,” असे म्हणून त्याने इंजिनावरची फळी उचलली. बारा व्होल्टांचा धक्का बसत नाही हे आम्ही पुस्तकात वाचले होते; परंतु बॅटरीच्या दोन टोकांमध्ये धातू आडवा आला तर तो क्षणात तापून लाल होतो आणि बोट भाजते, हे पुस्तकात नव्हते. नातीच्या हाती त्याने वही-पेन्सिल दिली. “मी आकडा सांगेन, तू लिही. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, आणि बदलली की लिहायची. डोक्यात ठेवले तर घाबरलेले डोके खोटे बोलते.”

पहिला आकडा बॅटरीचा: १२.६. भरलेल्या बॅटरीचा आकडा हाच. बटण दाबून धरले तरी तो हलेना. त्यावरून त्याने दोन गोष्टी काढल्या: बॅटरी निर्दोष आहे, आणि सेल्फ तिच्याकडून काही घेतच नाही, अर्थात अडथळा पुढे आहे. सेल्फच्या जाड टोकावर पुन्हा १२.६. म्हणजे मुख्य स्विच व जाड वायर सुटली. फ्यूज काढून पाहिला, शाबूत. मग वर येऊन पॅनेलमागे मीटर लावले, किल्ली बंदच ठेवून. आकडा आला १२.५.

आम्ही हर्षाने म्हणालो, “अरे, मग वीज पॅनेलपर्यंत पोचली! दोष पॅनेलात.” तिसऱ्या कारागिरानेही बहुधा हाच न्याय लावला असेल. विद्यार्थी म्हणाला, “याच आकड्याने सगळे फसले, गुरुजी. नळाची तोटी बंद असताना गाळाने भरलेल्या नळातही पाण्याचा दाब पुरा दिसतो. तोटी सोडल्यावर थेंब थेंब येते तेव्हा गाळ कळतो. मीटर जवळजवळ काहीच मागत नाही, म्हणून त्याला पुरे मिळाल्यासारखे वाटते. आता मागणारा लावू.” त्याने पेटीतून मोटारीच्या पुढच्या दिव्याचा एक बल्ब काढला, त्यास दोन लांब वायरी जोडलेल्या होत्या. एक टोक इंजिनाच्या अंगाला, दुसरे बॅटरीच्या धन टोकाला: बल्ब डोळे दिपतील असा लागला. म्हणजे परतीची वाट चोख. दुसरे टोक सेल्फवर: तसाच लखलखीत. दुसरे टोक पॅनेलमागच्या वायरीवर: बल्बाची तार निखाऱ्यासारखी तांबडी झाली आणि मीटरचा १२.५ चा आकडा सरकन ५ वर आला. नातीने तो लिहिला आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

त्या क्षणी आम्हास जे वाटले ते लिहिल्यावाचून राहवत नाही. अन्वय आणि व्यतिरेक हे शब्द आम्ही आयुष्यभर शिकविले. जे असता जे असते तो अन्वय. जे नसता जे नसते तो व्यतिरेक. आणि जे जे संभवते ते एकेक निरस्त झाल्यावर जे उरते ते परिशेषाने सिद्ध. डोंगरावरचा धूर व अग्नी हे एकच उदाहरण फळ्यावर वर्षानुवर्षे काढून आम्ही मुलांकडून ते घोकून घेतले. परंतु त्या न्यायाने आम्ही कधी चुलीतला धूरही तपासला नव्हता. आणि येथे षष्ठी-सप्तमीत गोंधळणारा मुलगा इंजिनाशेजारी गुडघ्यांवर बसून त्याच न्यायाची एकेक पायरी हाताने चढत होता. सेल्फवर प्रकाश आहे, पॅनेलवर नाही. मध्ये काय आहे? जुडगा आणि प्लग. त्याने प्लगाच्या इंजिनाकडील बाजूस मागून सुई घालून बल्ब लावला: लखलखीत. पॅनेलकडील बाजूस: निखारा. दोन बोटांच्या अंतरात दोष कोंडला गेला.

मुख्य स्विच बंद करून प्लग उघडला. आत आठ पितळी पिना. सातांवर किंचित मळ, आणि आठवीभोवती हिरव्या खपल्या, शेजारचे प्लास्टिक तपकिरी झालेले. आम्ही चष्मा सरसावून ‘हे काय असावे’ म्हणत होतो, तोच मागून आमच्या मंडळींनी डोकावून सांगितले, “काय असावे काय? कळंक आहे तो. कल्हई उडालेल्या पातेल्यात ताक ठेवले की असाच हिरवा चढतो.”

विद्यार्थी टाळी वाजवून म्हणाला, “काकूंनी बरोबर ओळखले!” आणि मग त्याने जे सांगितले ते प्रत्येक गृहिणीस एका दमात समजेल. ताकाच्या आंबटाने पितळेचे जे होते, तेच खाऱ्या पाण्याने तांब्याचे होते. आणि त्यातून वीज वाहत असेल तर ते काम अधिक वेगाने चालते. हा कळंक विजेला वाट देत नाही. पिन थंड व स्थिर असेल तोवर कोठेतरी धातूचा एक कण धातूस चिकटून असतो आणि काम भागते. इंजिन चालून तापले, हादरले की तो कण सुटतो. म्हणून सकाळी थंड असता पॅनेल नीट चालले व अर्धा-पाऊण तास इंजिन चालल्यावर मेले; म्हणूनच धक्क्यावर शोधावयास बसले असता दोष सापडत नसे. आणि समुद्रावरील चांगल्या वायरींतील तांब्याच्या तारा कल्हई केलेल्या असतात, त्याचेही कारण हेच. या नावेत कोणी तरी पैसे वाचविण्यासाठी घरगुती वायर घातली होती. ती सोलली तेव्हा आतील तांबे वीतभर काळे पडले होते. बारीक तारांच्या फटींतून पाणी दिव्याच्या वातीतील तेलाप्रमाणे आत चढले होते.

खलाशी म्हणाला, “आता घासून लावून टाकू.” विद्यार्थ्याने मान हलविली. तो मिणमिणत्या बॅटरीच्या प्रकाशात प्लगाच्या वर काही तरी शोधीत होता. प्लगाच्या बरोबर वर, इंजिन थंड करण्यासाठी समुद्राचे पाणी ओढणारी रबरी नळी होती, आणि तिच्या पट्ट्यापासून खाली प्लगापर्यंत मिठाची एक बारीक पांढरी रेघ उतरली होती. पट्टा अर्धा फेरा ढिला होता. इंजिन चालले की तेथून खाऱ्या पाण्याचा एक एक थेंब नेमका प्लगावर पडे. “प्लग किती वेळा बदलला असता तरी वर्षात पुन्हा हेच,” तो म्हणाला. “कळंक हा दोष नव्हे, दोषाचे पोर आहे. आई ही इथे.” आणि त्याने पट्टा आवळला. कार्य पाहून कारणावर थांबू नये, कारणाचेही कारण पाहावे, हा धडा आम्ही पाठ म्हणून दिला होता. त्याने तो पट्ट्याच्या अर्ध्या फेऱ्यात गिरवून दाखविला.

दुरुस्तीस वीस मिनिटे लागली. काळे तांबे चकचकीत तांबे लागेतो कापून टाकले. जळलेली पिन वगळून कल्हईच्या वायरीचा नवा तुकडा दाबजोडाने थेट जोडला, त्यावर तापवून आवळणारी नळी चढविली, आणि प्लग नळीच्या वाटेतून बाजूला उंचावर बांधला. मग त्याने पुन्हा तोच बल्ब पॅनेलमागे लावला. तो लखलखीत लागल्यावरच किल्लीस हात घातला. तीन दिवे, कर्कश भोंगा, बटण, आणि इंजिनाचा आवाज. सकाळी आम्हास दचकविणारा तो भोंगा आता सनईसारखा गोड लागला. धावत्या इंजिनावर बॅटरीचा आकडा १४ च्या घरात गेला. म्हणजे ती भरली जात होती. नातीने तोही लिहिला.

आम्ही विचारले, “सेल्फची दोन टोके एखाद्या पेचकसाने जुळवून इंजिन आधीच उठविता आले नसते का?” तो म्हणाला, “आले असते. नांगर सरकू लागला असता तर गिअर सुटा आहे हे पाहून तेच केले असते, आणि त्यासाठी पेचकस हाताशी ठेवला होता. पण त्याने नाव चालते, दोष राहतो. आणि पुढच्या वेळी नांगर टाकण्याइतके उथळ पाणी असेलच असे नाही.”

नांगर उचलला, आणि गंमत अशी की अर्ध्या तासाच्या आत पश्चिमेचे पाणी काळसर झाले व खारा वारा उठला. शिडे भरली. खलाशी हसून म्हणाला की थांबलो असतो तर एवढी खटपट वाचली असती. विद्यार्थी एवढेच बोलला, “वारा आला म्हणून दोष गेला असे होत नाही.” हे वाक्य आम्ही नातीच्या वहीत लिहून घेतले. संसारातही असे कित्येक वारे येतात आणि आपण ढिला पट्टा विसरून जातो.

थळ, वरसोली मागे टाकून नाव अलिबागेसमोर आली. भरतीच्या पाण्यात उभा कुलाबा किल्ला पाहता पाहता आम्हास तेथील चुंबकीय वेधशाळा आठवली. पूर्वी हे वेध मुंबईच्या कुलाब्यात घेतले जात. मुंबईत विजेच्या ट्राम येणार हे ठरल्यावर त्यांच्या प्रवाहाने सूक्ष्म चुंबकसूच्या बिघडतील, हे ओळखून वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांनी १९०४ मध्ये हे काम अलिबागेस आणले. तेथील वेधगृहे लोखंडाचा स्पर्श होऊ न देता बांधली आहेत. विद्यार्थ्याने सुकाणूजवळील होकायंत्राकडे बोट केले. पॅनेलच्या वायरी त्यापासून दूर नेल्या होत्या, आणि होकायंत्राच्या दिव्याची जाणारी व परतणारी वायर एकमेकींस पीळ देऊन नेली होती, म्हणजे एकीचा परिणाम दुसरीने मारला जावा. मुंबईच्या ट्रामगाड्या आणि ही वीतभर वायर, दोघींचा स्वभाव एकच.

आम्ही म्हणालो, “एका माणसास हे सारे यावे लागते म्हणजे कठीणच.” त्यावर त्याने कमांडर दिलीप दोंदे यांचे नाव काढले. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून १९ ऑगस्ट २००९ रोजी मुंबईहून निघून, वाटेत चार बंदरे घेऊन, मे २०१० मध्ये ते परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१७-१८ मध्ये भारतीय नौदलातील सहा महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या नौकेतून तशीच प्रदक्षिणा केली. “अशा सफरीत तांडेल, स्वयंपाकी, शिंपी आणि वायरमन सगळे तेच,” तो म्हणाला. “तिथे कारागीर बोलावता येत नाही.” नात हे कान देऊन ऐकत होती, आणि तिच्या डोळ्यांत काय उमटले ते आमच्या मंडळींनी आमच्याआधी पाहिले.

उन्हे उतरता उतरता आम्ही रेवदंड्यास पोचलो. एका हातास रेवदंड्याचा पोर्तुगीज तट, समोर कोर्लईचा डोंगरी किल्ला आणि मधून समुद्रास मिळणारी कुंडलिका. पंधराव्या शतकात अफनासी निकितीन हा रशियन व्यापारी याच चौलच्या बंदरात उतरला होता. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचे पाणी वेगाने बाहेर येत होते, आणि तेथे शिडाचे काही चालेना. विद्यार्थ्याने किल्ली फिरविली. आम्ही सर्वांनी नकळत श्वास रोखून धरला होता. भोंगा वाजला, इंजिन उठले, आणि त्या उलट्या पाण्यातून नाव सावकाश आत शिरली.

धक्क्यावर उतरल्यावर आम्ही त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणालो, “तुझ्या वडिलांस आम्ही एकदा एक बोललो होतो. ते चुकीचे होते, हे त्यांस आमच्या तोंडून सांगावयाचे आहे.” तो क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “बाबांना जाऊन सहा वर्षे झाली, गुरुजी. पण ते तुमच्यावर रागावले नव्हते. घरी येऊन एवढेच म्हणाले होते, पोराला अजून कोणी काम सांगून पाहिले नाही.”

यावर आम्हास उत्तर सुचले नाही, आणि अजूनही सुचत नाही. आम्ही इतकी वर्षे पोरांना मीटर लावीत आलो. बल्ब लावून कधी पाहिला नाही. असो. नाव आता विकावयाची नाही. येत्या माघात पुन्हा जावयाचे ठरले आहे, आणि नातीने आपल्या पिशवीत वहीबरोबर दोन लांब वायरींचा एक बल्ब आतापासूनच ठेवून दिला आहे.